आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली ती नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून. त्यामुळे तिचं इंजिन खोलायचं म्हटलं तर या गावात कुणी दचकत नाही. बोअर मारून देणारे, हेड घासून देणारे, पिस्टन-रिंगांचा सेट आणून देणारे, सगळे हाताशी आहेत. घोडं अडतं ते ऑटोमॅटिकवाल्यांचं.

२००८ मध्ये आलेल्या ऑटोमॅटिक स्कॉर्पिओचा सहा गिअरचा बॉक्स ऑस्ट्रेलियातल्या डीएसआय कंपनीचा. पुढच्याच वर्षी ती कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि मग चीनच्या जीलीने विकत घेतली. त्या काळात घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपली आहे किंवा संपत आली आहे. पासिंगसाठी इंजिन करून घ्यावं का, हा प्रश्न नेमका याच वेळी निघतो.

मालकाला धूर दिसतो, ऑइल कमी झालेलं दिसतं, म्हणून तो आधी इंजिन उतरवतो. माझ्या मते इथेच उलटं होतं. नव्या दमाचं इंजिन कसाऱ्याच्या चढाला पुरी ताकद लावतं आणि आतापर्यंत कसाबसा निभावणारा बॉक्स क्लच सोडू लागतो. तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

म्हणून आधी बॉक्सचं तेल काढायला लावा, आणि स्वतः उभं राहून बघा. लाल तेल थोडं काळवंडलं असेल तर घाबरू नका. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असतोच, ती नेहमीची झीज. पण करपल्याचा वास आला, तळाला क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे किंवा चकाकणारा चुरा दिसला, तर तेल बदलून भागणार नाही. ‘मॅन्युअल टाकून देतो की’ असं सांगणारेही भेटतील. वायरिंग, कंट्रोल युनिट, पेडल, शाफ्ट या सगळ्याचं काय, ते त्यांना तिथेच विचारा.

बॉक्स धड निघाला तर कॉम्प्रेशन तपासून इंजिन खुशाल करा. फक्त हिशेब पाच वर्षांचा धरा. नूतनीकरण तेवढंच मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. जुनं इंजिन काढून दुसरं बसवणार असाल तर आरसी बुकावर नंबर बदलून घ्या, नाहीतर पासिंगच्या दिवशी आरटीओतून हात हलवत परत याल.

आणि बॉक्स गेलेलाच असेल, भागांची खात्री कुणी देत नसेल, तर इंजिनाला हात लावू नका. गाडी धुरासकट विका. घेणाऱ्याला खरं सांगा आणि भाव त्याप्रमाणे सोडा. इंजिनावर घातलेले पैसे विक्रीत वसूल होत नाहीत.