बेरजेआधीं गट

संगणकानें दिलेला आंकडा खराच असतो, ही समजूत विद्यार्थ्यांत, आणि पालकांतहि, रुजत आहे. आम्हांस ती घातक वाटते. आमच्या तळेगांवाकडील संत्र्यांचेंच उदाहरण घ्या. समजा, एका बागेंतून दोन दिवसांत ४० व ३५ क्रेट माल आला आणि तीन गाड्यांनीं तो बाहेर गेला. आवक आणि जावक हे दोन तक्ते बागेच्या नांवानें आधीं जोडून मग बेरीज मागितली, तर आवकेच्या प्रत्येक नोंदीपुढें तीनहि गाड्या उभ्या राहतात आणि ७५ चे २२५ क्रेट होतात! एवढ्या मालाचा सौदा करून बसलेल्या बागाइतदारानें काय करावें? प्रत्येक तक्त्याची बागवार बेरीज प्रथम स्वतंत्र करावी व मग त्या बेरजा जोडाव्या.

‘तारखेचा रकाना गटांत नाहीं’ अशी तक्रार यंत्रानें केली, कीं मुलें तारीख गटांत कोंबून मोकळीं होतात. मग एकाच बागेच्या दोन ओळी निघतात. वस्तुतः ती तक्रार उपकारकच होय. मायएसक्यूएल ही नोंदी सांभाळणारी प्रणाली २०१५ सालच्या ५.७ आवृत्तीपूर्वीं सहसा तक्रार न करतां कोणतीहि एक तारीख मुकाट्यानें देत असे. एकूण माल हवा असेल तर तारीख मागूंच नये. शेवटची आवक केव्हां झाली हें हवें असल्यास सर्वांत अलीकडची तारीख मागावी.