आंब्यांची पेटी आली की आले?

आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मोठीला हाक मारली, "अगं, त्या वाणाच्या पिशव्या घेऊन ये गं इकडे." तिने पिशव्या आणून ठेवल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, मार्चपर्यंत माझ्याशी मराठीत बोलू नकोस ना. माझं एसएटीचं इंग्रजी बिघडतं."

शेजारच्या दोघीतिघींच्या कानावर ते गेलंच. एकीने लगेच दुजोरा दिला, "बरोबर आहे तिचं. आम्ही तर नववीपासूनच घरात मराठी बंद केलं होतं. नाहीतर आमचा सातशेच्या वर गेलाच नसता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणायच्या दिवशी हे ऐकावं लागलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हा लेख.

आमची मोठी सातवीपर्यंत नाशिकला शिकली, सेमी-इंग्रजीत. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीला आलो तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि धाकटा पाच वर्षांचा. धाकटा दोन वर्षांत इथल्या मुलांसारखं बोलायला लागला. मग जो येईल तो दोघांना शेजारी उभं करून ताडून बघतो. "हा किती छान बोलतो, हिला अजून अडखळायला होतं का?" पोरीच्या तोंडावर विचारतात!

टोरांटोचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 सालापासून एक गोष्ट सांगितली आहे. मैदानावरची, बसमधली, डबा खातानाची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकातली आणि परीक्षेतली भाषा मात्र बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. मोठीला परीक्षेपर्यंत मिळतील पावणेचार. कमी वेळात ती इतकं चढली, हे कुणी मोजत नाही. कमिन्स यांचं दुसरं म्हणणंही तितकंच महत्त्वाचं आहे: पहिली भाषा जितकी पक्की, तितका दुसरीला आधार. आपण तोच आधार काढून घेतो आणि वर म्हणतो, आता उभी राहा.

कॉलेजप्रवेशाची ही एसएटी परीक्षा कशी आहे तेही बघा. इंग्रजीच्या भागात 54 प्रश्न, वेळ 64 मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला वेगळा छोटा उतारा, 25 ते 150 शब्दांचा. म्हणजे उतारा वाचून, चार पर्याय तपासून उत्तर द्यायला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. एक उतारा जुन्या कादंबरीतला, पुढचा माशांच्या स्थलांतरावर, त्याच्या पुढची कविता. गणिताचे 44 प्रश्न आणि 70 मिनिटं आहेत, तिथे आपल्या मुलांना फारसं अडत नाही. अडतं ते इथे.

माझ्या नवऱ्याला वाटतं, यावर उपाय शब्द पाठ करणं. त्याने जीआरईच्या वेळी तीन-साडेतीन हजार शब्दांची यादी लोकलमध्ये उभ्याने घोकली होती, आणि तेव्हा ते बरोबरच होतं, कारण तेव्हा त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारायचे. एसएटीतून विरुद्धार्थी शब्द 1994 सालीच गेले, शब्दांच्या जोड्या 2005 साली गेल्या आणि 2016 नंतर तर अवघड, दुर्मीळ शब्द घोकण्यातही अर्थ उरला नाही. आता साधाच शब्द या वाक्यात कोणत्या अर्थाने आला आहे, ते ओळखावं लागतं. दोन वाक्यांचा संबंध कळावा लागतो. यादी घोकून ते येत नाही. विचार करून येतं, आणि मोठी विचार मराठीत करते.

गेल्या दिवाळीत सासूबाई इथे होत्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. एका संध्याकाळी मोठी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सराव परीक्षा सोडवत होती आणि तिसऱ्यांदा तीच चूक झाली म्हणून रडकुंडीला आली होती. दोन बहिणींनी लिहिलेल्या पत्रांचा एक संग्रह सापडला, अशा अर्थाचं वाक्य होतं. तिने 'वॉज'ऐवजी 'वेअर' निवडलं होतं, कारण पत्रं अनेक होती. आईंनी चष्मा लावला, वाक्याचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, "बरं, मला सांग, आंब्यांची पेटी आली की आले?"

"आली."

"का? आंबे तर पुष्कळ आहेत."

"पण आली पेटी ना, आजी!"

एवढं म्हणून ती थांबली आणि तिने पडद्याकडे पाहिलं. मराठीत पेटी क्रियापदाला चिकटून बसते, म्हणून चूक होतच नाही. इंग्रजीत पेटी आधी येते आणि आंबे मध्ये शिरतात, त्यामुळे कान फसतो. नियम तिला येतच होता. तो कुठे बघायचा, एवढंच कळायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईंनी 'पोचून'मधलं 'ऊन' काढलं. "घरी पोचून पाऊस सुरू झाला, हे बरोबर आहे का?" मोठी हसली. "आजी, घरी कोण पोचलं, पाऊस?" "मग कसं म्हणशील?" "पोचल्यावर." या परीक्षेत वाक्याच्या सुरुवातीचा तुकडा नक्की कुणाबद्दल आहे, हे ओळखायचे प्रश्न असतात. त्यात घोटाळा झाला की आमच्याकडे आता "पाऊस घरी पोचला" असं म्हणतात. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' या शब्दांचंही तसंच. पर्याय वाचण्याआधी ती स्वतःला विचारते, इथे मात्र, म्हणून की शिवाय? तीन आठवड्यांत त्या प्रश्नांतल्या तिच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या.

मराठी सगळीकडे उपयोगी पडते, असं मी म्हणत नाही. आपण दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविराम देऊन सर्रास जोडतो, इथे ती चूक धरतात. 'अ' आणि 'द' यांना मराठीत जागाच नाही, तिथे मोठी अजून चाचपडते. त्याला वाचन हाच उपाय आहे, रोजचं, आवडीचं, ग्रंथालयातून आणलेलं. पण घरातली मराठी बंद करून 'द' कुठे लावायचा ते कळणार आहे का? उलट, आपल्याच बोलण्यात किती चुका असतात! आपण मुलीशी आपलं मोडकं इंग्रजी बोलायचं, तिने आपल्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचं, त्यातून कुणाचं काय सुधारतं?

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. शाळेत नाव घालताना एक अर्ज असतो, घरात कोणती भाषा बोलता असा. आम्हाला आधी आलेल्या ओळखीच्या लोकांनी सांगितलं, "इंग्रजी लिहा, नाहीतर मुलीला वेगळ्या वर्गात बसवतील." आम्ही इंग्रजी लिहिलं. शाळेने तिची भाषेची चाचणी घेतलीच नाही. तिला जी मदत हक्काने मिळाली असती, ती मिळाली नाही. शाळेत जी मुलं इंग्रजी शिकणारी म्हणून नोंदलेली असतात, त्यांना एसएटीला दीडपट वेळ मागता येतो आणि मान्यताप्राप्त द्विभाषिक शब्दकोश जवळ ठेवता येतो. तो दीडपट वेळ मागायचा मार्ग मी माझ्या हाताने, एका शब्दाने बंद केला. लाज वाटली म्हणून. आपल्या भाषेची लाज वाटली म्हणून.

आणखीही बोलायचं होतं. वार्षिक कार्यक्रमात गुण वाचून दाखवत मुलांना स्टेजवर बोलावतात, त्याबद्दल. शिकवण्यांच्या फीबद्दल, खान अकादमीवर सगळा सराव फुकट असताना. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे गुण बघतच नाही आणि एमआयटीने 2022 पासून ते पुन्हा सक्तीचे केले, हे आईवडिलांना माहीतच नसतं, त्याबद्दल. तो विषय पुन्हा कधीतरी.

लिहिता लिहिता माझा सूर उपदेशाचा झाला, हे कळतंय मला. हळदीकुंकवाला जी बोलली तिच्यावर माझा राग नाही. तिने मुलाच्या काळजीपोटीच तसं केलं असणार. मीही आल्यावर तीन महिने घरात इंग्रजीच बोलायचा नियम केला होता. त्या तीन महिन्यांत मोठी शाळेतून आली की सरळ खोलीत जायची. शाळेत तिला कुणी काय म्हणालं, ते मला वर्षभराने कळलं. कुणाला बोचलं असेल तर मनापासून क्षमा मागते.

पण दोन गोष्टी मागते. नव्याने आलेल्यांना शाळेच्या अर्जाबद्दल सल्ला द्याल तेव्हा खरं ते लिहायला सांगा. घरात मराठी असेल तर मराठी लिहायला सांगा. आणि मंडळाच्या मराठी शाळेनंतर तासभर एक खोली उघडी ठेवा. मोठ्या वयात आलेली मुलं तिथे सराव करतील, कॉलेजातली मुलं त्यांना परीक्षेचं तंत्र सांगतील आणि भारतातून आलेले आजीआजोबा शेजारी बसतील. पुढच्या दिवाळीत आमच्या आई येणार आहेत. पहिली खुर्ची त्यांची.