फादरांबरोबर रानात

ब्रह्मदेशातून परतलेला एक तरुण १९१७च्या सुमारास मुंबईच्या दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होता. जीव मात्र पाखरांत अडकलेला. सेंट झेवियर्सच्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी ते हेरले आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी दावरमध्ये हिशेब, मग झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असे सुरू झाले. तो तरुण म्हणजे सालिम अली. मुस्लिम कुटुंबातल्या मुलाला त्याची वाट एका स्विस जेझुइट धर्मगुरूने दाखवली.

ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांची फारशी कुणाला नसते, आणि खरी सोबत तिथेच दिसते. गोव्याच्या वेशीवरच्या कॅसलरॉकला १८९९ साली जन्मलेले मॅककॅन ब्लॅटरांपेक्षा बावीस वर्षांनी लहान. दोघांनाही रानात फिरण्याचा नाद. त्यातून मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ उभा राहिला.

गवत ओळखणे म्हणजे काय चीज असते, ते एकदा करून पाहावे. पवना, मारवेल, शेडा लांबून सारखेच हिरवे. भिंग डोळ्याला लावून कणसातले एकेक तूस सोडवावे लागते, कुसळ कुठून निघते ते पाहावे लागते. नमुना रद्दीच्या कागदांत दाबायचा, कागद ओलावले की बदलायचे. फुलाचा रंग सुकल्यावर उडतो, म्हणून तो जागेवरच टिपून ठेवायचा. हे काम पुस्तकातून शिकवता येत नाही. जाणत्याच्या शेजारी उकिडवे बसूनच ते हाताला लागते. असे शेजारी बसणाऱ्यांत वयाचे आणि मानाचे अंतर फार काळ टिकत नाही.

ब्लॅटर १९३४च्या मे महिन्यात गेले. ग्रंथ १९३५ साली निघाला, गुरू आणि सोबती दोघांच्या नावाने. शिष्याचे नाव प्रस्तावनेतल्या आभारांत उरकून टाकण्याची आपल्याकडची रीत आठवली की या जोडनावाचे मोल अधिकच जाणवते.

पुढे झेवियर्समध्येच फादर सांतापाव आले, मूळचे स्पेनचे. खंडाळ्याची रानवाट तुडवून त्यांनी १९५३ साली तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ दिला. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीवर त्यांनी लिहिले. त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय ते लिहिता येत नाही. मुंबई परिसरातल्या ऑर्किडांवरचे १९६६चे पुस्तकही त्यांनी कपाडियांबरोबर जोडीनेच लिहिले. वाधवा आणि अन्सारी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर एका कंदीलपुष्पाला सांतापावांचे नाव दिले. धर्म, भाषा, मूळ देश सगळे वेगळे असलेल्या माणसांनी दूरदेशी जन्मलेल्या एका पाद्र्याला सह्याद्रीतल्या फुलाच्या नावात कायमचे ठेवले.

आज ‘मेंटॉर’ हा शब्द कॉलेजच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो. पंधरावीस मुले एका प्राध्यापकाच्या नावावर टाकली, महिन्याला फॉर्म भरला, की झाले. वनस्पतिशास्त्राची सहलही बऱ्याच ठिकाणी वहीत नमुने चिकटवण्यापुरती उरली आहे. दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. रानात घालवलेला दिवस कामाचा दिवस धरणारी व्यवस्थाच आपण ठेवलेली नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मुलांना तर अशा रानासाठी लांब जायला नको. धामापूरचा तलाव १५३० सालचा, भगवतीच्या देवळाशेजारचा. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. भोवती दाट झाडी, आणि मालवण-कुडाळच्या सड्यांवर पावसात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. सावंतवाडीच्या वनस्पतींवर एस. एम. अल्मेडा यांचा ग्रंथ १९९०पासून उपलब्ध आहे. उणीव आहे ती बरोबर चालणाऱ्या माणसाची. निवृत्त गुरुजी, चर्चमधले फादर, वाडीतला झाडपाल्याचा जाणकार, ज्याला पाने-फुले कळतात त्याने यंदाच्या पावसाळ्यात शेजारची दोन पोरे हाताशी धरावीत आणि दर रविवारी सड्यावर न्यावीत. आणि शाळा-कॉलेजांनी त्या रविवारांची नोंद हजेरीपटावर घ्यावी.