आपोआप जुळणारा फ्यूज



गेल्या हंगामात तूर फुलावर असताना बार्शी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप ओट्यावर पडला होता आणि घरातला तरुण नवी बॅटरी आणायला निघाला होता. मला म्हणाला, "साहेब, दहा मिनिटं चालतो, मग एकदम बंद. थोडा वेळ ठेवला की पुन्हा चालू. बॅटरीच गेली."

त्याची आई शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "आरं, बॅटरी गेली असती तर पुन्हा एवढ्या जोरात कसा चालला असता?"

माउलीचे बरोबर होते. उतरलेली बॅटरीसुद्धा विसावा दिला की थोडी चालते, पण मोटर मंद फिरते. येथे मोटर जोरात चालून एकाएकी थांबत होती. पंपाचे खालचे झाकण उघडले, तर आतल्या कार्डावर दोन पायांची एक पिवळी चकती दिसली. हाच आपोआप जुळणारा फ्यूज. दुकानात याला पॉलिफ्यूज किंवा पीटीसी म्हणतात.

साध्या फ्यूजची तार वितळली की तो संपला. या चकतीचे तसे नाही. तिच्यात प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे कण मिसळलेले असतात. चकती थंड असताना कण एकमेकांना चिकटून असतात आणि वीज सहज जाते. वीज जास्त वाहू लागली की चकती तापते, सुमारे १२५ अंश सेल्सिअसला प्लॅस्टिक फुगते, कण दूर होतात आणि वाट जवळजवळ बंद होते. मात्र थोडी वीज वाहतच राहते आणि ती चकतीला गरम ठेवते. म्हणून बटण बंद करून थंड होऊ दिल्याशिवाय ती पुन्हा जुळत नाही.

म्हणजे फ्यूज बिघडलेला नव्हता. तो आपले काम चोख करीत होता. दोष पुढे होता. पंपाचे डोके खोलले, तेव्हा आत भुकटी औषधाचा थर वाळून बसला होता. मोटर अडत होती, वीज जास्त ओढत होती. डोके स्वच्छ धुतले, गाळणी साफ केली आणि पंप दुपारभर न थांबता चालला. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

हे मला इतक्या लवकर सुचले, त्यामागे माझीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी असाच पंप घेऊन एक शेतकरी आला होता. फवारणीची घाई होती. मी म्हणालो, "आजच्यापुरती चकतीवर तार जोडून घ्या." त्याने तसे केले. तासाभराने मोटर अडली, वायरवरचे प्लॅस्टिक वितळले आणि पाठीशी धूर निघाला. त्याने पट्टे सोडून पंप फेकला म्हणून तो भाजण्यातून वाचला, पण औषध अंगावर सांडले. साबणाने अंग धुऊन लगेच दवाखान्यात नेले. तो बरा झाला. माझी मात्र त्या रात्री झोप उडाली. फ्यूजला तार हा उपाय नव्हे, हे तेव्हापासून प्रत्येक गावात सांगतो.

आता चकती खरोखर खराब झाली हे कसे ओळखावे? पंप धुऊन, हातमोजे घालून, आधी बॅटरीची वायर सोडवा. चकती तासभर थंड होऊ द्या. मल्टीमीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही सुया एकमेकींना लावा आणि तो आकडा लक्षात ठेवा. मग चकतीचे दोन पाय मोजा आणि पहिला आकडा वजा करा. दोन-तीन अँपिअरची चांगली चकती एक ओहमच्या पुष्कळ आत दाखवते. थंड असूनही कित्येक ओहम दाखवत असेल, किंवा ती तडकली, करपली असेल, तर बदला. वारंवार तापून तिचा अडथळा वाढत जातो, हेही ध्यानात असू द्या.

नवी घेताना शक्यतो जुन्याच नंबरची घ्या. रंगावर जाऊ नका. तशाच आकाराच्या चकत्या दुसऱ्या कामाच्याही असतात. नंबर पुसला असेल तर तीन गोष्टी पाहा.

पहिली, किती अँपिअरपर्यंत ती तुटत नाही. साधारण त्याच्या दुपटीला ती तुटते. मोटर नेहमी २ अँपिअर घेत असेल, तर २ ची चकती उन्हात पुरणार नाही. डब्यात ६० अंश उष्णता झाली की चकतीची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. म्हणून ३ ची घ्या. त्याहून मोठी नको. नाही तर वायर आधी जळेल.

दुसरी, व्होल्ट. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते. म्हणून ३० व्होल्टची चकती निर्धास्त.

तिसरी, जास्तीत जास्त किती अँपिअरचा धक्का ती सोसते. पुष्कळ चकत्या ४० पर्यंतच सोसतात आणि बॅटरीच्या दोन वायरी भिडल्या तर त्याहून जास्त वीज सुटू शकते. म्हणून बॅटरीच्या अधिक टोकाजवळ साधा फ्यूज असलाच पाहिजे.

चकतीला उलटसुलट बाजू नसते. डाख देताना पाय फार आखूड करू नका. वर टेप गुंडाळू नका, डिंक ओतू नका. तिला फुगायला जागा लागते. आणि विहिरीवरच्या २३० किंवा ४१५ व्होल्टच्या मोटरीला ही चकती कधीही लावू नका. तेथे स्टार्टर, ओव्हरलोड रिले आणि योग्य फ्यूजच हवेत आणि ते काम वायरमनचे.

फवारणी झाली की टाकीत स्वच्छ पाणी भरून पाच मिनिटे पंप चालवा आणि ते पाणी विहीर-ओढ्यापासून दूर, पडीक जागेत सोडा. एवढे केले तर चकती तुटण्याची वेळ सहसा येणार नाही. आणि तुटलीच, तर तार शोधण्याआधी पंपाचे डोके उघडून पाहा.