पपईचा भाव आणि तोडणीचा अधिकार

शहादा, शिरपूर, चोपडा या भागांत पपई उत्पादक आणि व्यापारी यांच्यातील वाद आता दर हंगामाचा परिपाठ होऊन बसला आहे. हंगाम भरात आला की शहाद्याच्या बाजार समितीत बैठक होते, दोन्ही बाजू बसतात, किलोमागे काही दर ठरतो, तो वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो, आणि थोड्याच दिवसांत त्याहून कमी दराने तोडणी सुरू झाल्याची किंवा तोडणी बंद पडल्याची बातमी येते. मग पुन्हा बैठक. या प्रकाराचे खापर आपण एकतर व्यापाऱ्याच्या लबाडीवर फोडतो किंवा शेतकऱ्यांच्या फुटीवर. दोन्हीत तथ्य आहे. पण लबाडी आणि फूट कोणत्या पिकात नाही? सर्वांसमक्ष ठरलेला भाव आठवडाभरही का तग धरत नाही, या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधून मिळणार नाही. ते या पिकाच्या व्यवहाराच्या घडणीत आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ते नीट समजून घेतले पाहिजे असे मला वाटते.

पपई हे मूळचे अमेरिका खंडातले झाड. सोळाव्या शतकात ते समुद्रमार्गे या देशात आले आणि पुढे घराघराच्या परसात इतके रुळले की ते परके आहे याची कोणाला आठवणही राहिली नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर एखादे झाड वाढायचे, फळे शेजारीपाजारी वाटली जायची. तिला भाव असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. आज जगात सर्वाधिक पपई भारतात पिकते, एकूण उत्पादनाच्या एक तृतीयांशाहून अधिक. त्यातली परदेशी जाते ती नाममात्र. बाकी सर्व देशातच खपते. खानदेशात हे पीक शेतात आले ते ठिबक सिंचन, तापीकाठचे पाणी आणि तैवानचे बियाणे या तिघांच्या जोरावर. '७८६' या नावाने ओळखला जाणारा तैवानचा संकरित वाण लाल गराचा, टिकाऊ सालीचा, लांबचा प्रवास सोसणारा. त्याचे बी घरी धरता येत नाही. दर लागवडीला ते नव्याने, आणि महाग, विकत घ्यावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपे लावायची, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती आच्छादन घालून जगवायची, आणि दिवाळीच्या आगेमागे पहिली तोड. कापसाच्या बोंडअळीने आणि केळीच्या भावाने गांजलेल्या शेतकऱ्याला हे पीक आशेचे वाटले यात नवल नाही.

आता व्यवहार पाहू. पपई बाजारात जात नाही, बाजार पपईकडे येतो. दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेश येथील मागणीवर खरेदी करणारा व्यापारी शेतात येतो, बाग पाहतो, दर बोलतो, आपली टोळी आणून फळ तोडतो, कागदात गुंडाळून ट्रकमध्ये भरतो. तोडणी त्याची, भरणी त्याची, वाहतूक त्याची. शेतकऱ्याला ही मोठी सोय वाटते, कारण त्याला खिशातून काही घालावे लागत नाही. वस्तुतः त्याच्या दुर्बलतेचे मूळ नेमके येथे आहे. फळ झाडावर तयार झाले तेव्हा रोपे, ठिबक, खत, फवारणी हा सारा खर्च होऊन गेलेला असतो. भाव काहीही मिळो, तो परत येणारा नाही. तोडणीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर असता तर त्या खर्चापेक्षा कमी भावाला त्याने निदान 'राहू दे' म्हटले असते. तो खर्च व्यापाऱ्याचा असल्याने दोन रुपये मिळाले तरी ते शून्याहून अधिकच! भावाला खालून टेकू देणारा शेवटचा खांबही मग उरत नाही.

त्यात काळाची भर. मार्शलने बाजारभावाचा विचार करताना ताज्या मासळीचे उदाहरण घेतले होते: आज आलेला माल उद्या राहत नाही, म्हणून आजचा भाव उत्पादनखर्चाला न विचारता केवळ मागणीवर ठरतो. चाळीस वर्षांपूर्वी हा धडा मी वर्गात शिकवत असे तेव्हा खानदेशातल्या मुलांना मासळीबाजार कल्पनेने पाहावा लागे. आता त्यांच्या बांधावर तोच बाजार उभा आहे. लांबच्या बाजारासाठी फळावर पिवळी रेघ दिसू लागली की तोडावे लागते. चार दिवस थांबले तर ते जवळच्या बाजारापुरतेच उरते, आणखी थांबले तर पाखरांचे होते. उत्तरेत कडाका वाढला, धुके पडले, मागणी मंदावली की त्याची झळ त्याच दिवशी बांधावर पोचते. मागणी वाढली की मात्र ती बातमी पायी चालत येते.

एक हिशेब करू. सहा बाय सहा फुटांवर एकरी १,२१० झाडे बसतात. त्यांपैकी हजार झाडे हाती लागली आणि प्रत्येकी तीस किलो माल निघाला असे धरले, तर एकरी तीस टन होतात. किलोमागे एका रुपयाचा फरक म्हणजे एकरी तीस हजार रुपये. बैठकीत ज्या एक-दोन रुपयांसाठी घासाघीस चालते, तिच्यावर एखाद्या घराचे वर्षाचे कर्ज फिटायचे की थकायचे ते ठरते. शिवाय वजनातली कटती आणि 'लहान फळ' म्हणून काढून टाकलेला माल वेगळाच. बैठकीत दर ठरतो. कटती कधीच ठरत नाही. दर पाळूनही तो बुडवता येतो, ही गोष्ट व्यापाऱ्याला पक्की ठाऊक आहे.

बाजार समिती काय करते, असे विचारले जाते. समितीच्या हाती जे थोडे होते तेही राहिलेले नाही. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांचा आवाराबाहेरील व्यवहार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळाले अशी त्या वेळी जाहिरात झाली. पपईच्या बाबतीत हे स्वातंत्र्य आधीपासूनच होते, कारण ती आवारात कधी गेलीच नव्हती. आता झाले एवढेच की समितीने घडवून आणलेला करार हा सभ्य गृहस्थांचा शब्द आहे. तो मोडणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार जवळजवळ कोणालाच नाही. उसाला कायद्याने ठरवलेला किमान दर आहे. तेथेही तोडणी कारखाना करतो, पण शेतकरी त्याचा सभासद असतो आणि दर चुकवला तर निदान साखर आयुक्तांच्या दारात बसता येते. कापसाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती. तिचे दोष मी अनेकदा सांगितले आहेत, पण ती मोडल्यावर कापूस उत्पादकाचे काय झाले तेही आपण पाहिले. पपईला यांपैकी काहीच नाही.

प्रक्रियेचा उपाय हमखास सुचवला जातो. कच्च्या पपईचा चीक काढून पेपेन करावे, उरलेल्या फळाची टुटीफ्रुटी करावी. हे उद्योग अवश्य निघावेत. पण पेपेनसाठी कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने को-२, को-५ असे वेगळे वाण काढले आहेत. खाण्याच्या फळासाठी लावलेल्या बागेतून दोन्ही हेतू साधत नाहीत. आणि कारखाना जो भाव देईल तो टाकाऊ मालाचा असेल. पडत्या भावाला तेवढाच आधार होतो, पण चांगल्या फळाला न्याय्य भाव मिळवून देणे त्याच्या आवाक्यातले नाही.

मग करायचे काय? मला सुचते ते असे की तोडणी आपल्या हाती घ्यावी. गावच्या उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःची टोळी, स्वतःचा काटा आणि स्वतःची प्रतवारी उभी करावी आणि व्यापाऱ्याला झाडावरचे नव्हे, तोडलेले व मोजलेले फळ विकावे. यात तोडणीचा खर्च अंगावर येईल हे खरे. पण त्याचबरोबर 'या भावाला तोडणार नाही' हे वाक्यही तोंडात येईल. पपईचे झाड एकदम सगळे फळ देत नाही. खालचे आधी, वरचे नंतर, असे महिनोन्महिने चालते. एक तोड सोडावी लागली तर एक तोड बुडते, बाग बुडत नाही. उलट व्यापाऱ्याचे दिल्लीतले गिऱ्हाईक आठवडाभर रिकामे राहू शकत नाही. थांबण्याची ताकद आपण समजतो तितकी एकतर्फी नाही. मात्र ती पन्नास बागा एकत्र थांबल्या तरच आहे, आणि ज्याच्या दारी सावकार उभा आहे त्या दोन एकरवाल्याला त्या आठवड्यापुरती उचल देणारी संस्था असेल तरच.

हे स्वप्नरंजन नव्हे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांनी फ्रूट सेल सोसायट्या काढून सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वाघिणी भरून उत्तरेत केळी पाठवली होती. त्या सोसायट्या पुढे का खंगल्या, त्यांत कोणाची सत्ता माजली, ट्रक आल्यावर त्यांचा पाया कसा सुटला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आज त्याच पट्ट्यातला शेतकरी बऱ्हाणपूरच्या भावाकडे डोळे लावून बसतो आणि जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी पैसे घेऊन घरी जातो. संस्था गेल्यावर काय उरते याचे याहून वेगळे उदाहरण शोधायला नको.

एका गोष्टीकडे आपल्या मंडळींचे लक्ष जात नाही, म्हणून ती स्पष्टच लिहितो. शहादा तालुका हा १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेचा तालुका आहे. ज्या काळ्या जमिनींवर आज पपई उभी आहे, त्याच जमिनींवर भिल्ल सालदारांनी मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी लढा दिला. पपईचा भाव वाढावा अशी मागणी करताना तोडणाऱ्याची मजुरी आपल्या निवेदनात येते का? फळाच्या चिकाने हाताची कातडी सोलवटते; साधे हातमोजे कोणी देत नाही. टोळी व्यापाऱ्याची असली की मजुरीबद्दल विचारायचे कोणाला हेही त्या मजुराला कळत नाही. तोडणी संस्थेकडे आली तर मजुरीचा दर करारात लिहिता येईल आणि ते काम गावातल्याच स्त्री-पुरुषांना मिळेल. शेतकऱ्यांना हे गैरसोयीचे वाटेल. वाटू द्यावे. स्वतःच्या फळाला किमान भाव मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रमाचा किमान भाव नाकारणे शोभत नाही.

संस्थेची गरज आणखी एका कारणाने आहे. पपईवरील वलयांकित ठिपक्यांचा विषाणू रोग मावा पसरवतो, आणि एकदा झाडाला लागला की त्यावर औषध नाही. रोगट झाड दिसताच उपटणे हाच उपाय. पण एकाने उपटले आणि शेजाऱ्याने 'दोन तोडी होऊ देत' म्हणून ठेवले तर उपटणाऱ्याचाच तोटा. हवाई बेटांतील पुना भागात १९९२ मध्ये हा रोग शिरला आणि थोड्या वर्षांत तिथल्या बागा उद्ध्वस्त झाल्या. १९९८ मध्ये रोगप्रतिकारक जनुकीय वाण आल्यावरच त्या सावरल्या. आपल्याकडे तसा वाण लागवडीत नाही. तोवर शिवाराने एकत्र निर्णय करणे एवढेच हाती आहे, आणि तो निर्णय ज्याची बाग उपटली जाईल त्याला काही भरपाई दिल्याशिवाय कोणी पाळणार नाही. ही भरपाई शासनाने द्यावी अशी मागणी करण्यास पुरेसा आधार आहे, कारण झाड उपटणारा स्वतःपेक्षा शेजाऱ्याचेच अधिक रक्षण करीत असतो.

राहिला वेळेचा प्रश्न. शहाद्याच्या बैठका ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, म्हणजे फळावर पिवळी रेघ उमटल्यावर. त्या वेळी बोलणी नसतात, आर्जवे असतात. रोपवाटिकेत रोपांची मागणी नोंदवली जाते ती जानेवारीत. गावात किती एकर पपई होणार, तोड साधारण कधी येणार, टोळी किती लागेल, काटा कोणाचा, कटती किती आणि मजुरी काय, हे त्याच वेळी कागदावर आले पाहिजे. शहादा आणि शिरपूर तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या जानेवारीत निदान चार-पाच गावांत पपई लावणाऱ्यांची यादी करावी, आणि त्या यादीच्या शेजारी तोडणीला जाणाऱ्या मजुरांची यादीही करावी.