छप्पर उचलायचं की गाडी बदलायची?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली की नातेवाइकांच्या लेखी आपण चालतंबोलतं गॅरेज होतो! अकोल्याच्या माझ्या मामांनी यंदा जुनी विंगर घेतली, फ्लॅट रूफची. सीटांवर फळ्या टाकून बिछाना करायचा आणि मामींना घेऊन चिखलदरा, लोणार, शेगाव फिरायचं, असा बेत. अडचण एकच, आत ताठ उभं राहता येत नाही. मामा विचारतात, "काऊन रे, तू इंजिनिअर होऊन राह्यला नं? मंग सांग, छप्पर कापून उंच करू का दुसरी हाय रूफवाली घेऊ?"

होस्टेलवर विषय काढला तर अर्धा मजला म्हणाला, "कापा बिनधास्त, आठ दिवसाचं काम!" आपल्याकडचे वेल्डर हुशार आहेत, यात वादच नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे : छप्पर कापू नये.

पहिलं कारण, छत म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. विंगरची बॉडी मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या चेसिसवर ठेवलेली पेटी नाही. खांब, बाजू, छत सगळे मिळून भार उचलतात. छत कापलं की सांगाडाच कापला.

दुसरं कारण गुरुत्वमध्याचं. समजा, गाडी १८०० किलोची आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंमीवर. नवं छत आणि वरच्या कप्प्यातलं सामान मिळून १२० किलोची निव्वळ भर २३० सेंमी उंचीवर पडली, तर गुरुत्वमध्य ८९ सेंमीवर जातो. दोन चाकांमधलं अंतर १५० सेंमी धरा. ते अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे गुणोत्तर ०.९४ वरून ०.८४ वर येतं. म्हणजे वळणावर उलटण्याविरुद्धची ताकद दहा टक्क्यांनी घटली. चिखलदऱ्याच्या घाटात हे दहा टक्के कोणाच्या जिवावर मोजायचे?

सपाट रस्त्यावरही सुटका नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किमीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि बाजूने ट्रक गेला की उंच गाडीला वाऱ्याचा धक्काही जास्त बसतो.

तिसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण!

"मग दुसरी गाडी घ्यायची का?" लगेच नाही. विंगर २००७ साली आली तीच फ्लॅट आणि हाय रूफ अशा दोन्ही प्रकारांत. पण पेन्शनीचा पैसा ओतण्याआधी एक विचार करा. गाडीत उभं राहून संसार करायची हौस थंडी-पावसाच्या देशांतली आहे. आपल्या वऱ्हाडात वर्षातले आठ महिने तरी माणूस बाहेर बसतो. आणि मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात पत्र्याची पेटी उंच असो की बुटकी, दुपारी आत थांबवतच नाही! दाराला ताडपत्री बांधा, शेगडी बाहेर मांडा, आत फक्त झोपा. एक हिवाळा असं फिरून बघा. तरीही पाठ कुरकुरली तर ही विकून कंपनीची हाय रूफ घ्या. पैसे जास्त जातील, पण वेल्डिंगचा खर्च विकताना परत येत नाही, हेही हिशोबात धरा.

दोस्तहो, जुगाडाचा अभिमान आपल्याला आहेच, असावाही. कूलरचा पंप, सायकलचं स्टँड, खोलीचा दरवाजा, करा की जुगाड! पण जिथे जोड सुटला तर माणूस जातो, तिथे "नको" म्हणणं हेही इंजिनिअरचंच काम आहे. ते आपण घरच्यांना सांगणार नाही, तर कोण सांगणार?