समुद्रावर जावे, पण झेंडे पाहून

मुलगी लंडनला शिकायला गेली आणि काही महिन्यांनी मैत्रिणींबरोबर समुद्रावर हसतानाचा तिचा फोटो आला, की घरात दोन मते होतात. पोर हसते आहे, यातच आईला समाधान असते. वडील मात्र विचारतात, "शिकायला पाठवली की फिरायला?"

वडिलांचा प्रश्न खोटा नाही. कुणी शिष्यवृत्तीवर गेलेले असते, कुणासाठी बापाने फंडातले पैसे काढलेले असतात. म्हणून आधी हिशेबच सांगतो.

इंग्लंडात ऑगस्टचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. तिकडे त्याला बँक हॉलिडे म्हणतात. बँक हॉलिडेची प्रथा १८७१ च्या कायद्यापासूनची. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी मिळते. आम्ही लंडनला शिकत होतो तेव्हा प्रबंध लिहून डोळे शिणले होते आणि कायद्याने मिळणारे आठवड्याचे २० तास हॉटेलात भांडी विसळून पाय दुखत होते. त्या सुट्टीत आम्ही पाच जण ब्रायटनला गेलो. दोघे महाराष्ट्रातले, एक बांगलादेशी, एक नायजेरियाचा आणि एक व्हिएतनामची मुलगी. रेल्वेने तासाभराचा प्रवास. तीन ते नऊ जणांनी मिळून तिकीट काढले, की गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. विकत घेतल्या त्या फक्त गरम चिप्स, पाच जणांत दोन पुड्या. त्यातलाही वाटा एका समुद्रपक्ष्याने हातातून पळवला!

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. वर्षभर एका वर्गात बसून जे बोललो नव्हतो, ते त्या गोट्यांवर बसून बोललो. नायजेरियाचा मित्रही घरी पैसे पाठवत होता. व्हिएतनामची मैत्रीण फोनवर आईला रोज "बरं आहे" सांगायची आणि मग रडायची. हे ओझे आपल्या एकट्याच्या डोक्यावर नाही, हे त्या दिवशी कळले. परक्या देशात मन खचलेले पोर अभ्यासातही मागे पडते. तेव्हा अशा एका सहलीला उधळपट्टी म्हणू नये.

खरी काळजी पैशाची नाही, पाण्याची आहे. आपल्यापैकी किती जणांना पोहता येते? गावच्या विहिरीत सूर मारायला आपल्या आजोबांना कुणी उतरू दिले नाही. ज्या समाजाला पाण्याच्या ओंजळीसाठी १९२७ साली महाडला जावे लागले, त्याला पोहायला कोण शिकवणार? शहरात आलो, तर चाळीत नळाचे पाणीच पुरत नव्हते. दोष आपला नाही, पण समुद्र हे विचारीत बसत नाही.

ब्रायटनपासून पूर्वेला कॅम्बर सँड्स नावाचा वाळूचा किनारा आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी तेथे लंडनहून आलेले श्रीलंकेतील तमिळ वंशाचे पाच तरुण बुडाले. सपाट, शांत दिसणारा किनारा; पण भरतीचे पाणी उंचवट्यांमागून फिरून घेरते. त्या दिवशी तेथे जीवरक्षक नव्हते. नंतर नेमले गेले.

म्हणून लेकरांना हे सांगून ठेवा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतील, तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचे, तेथे जीवरक्षकाची नजर असते. नुसता लाल झेंडा असेल, तर पाण्यात पायही घालायचा नाही. ऑगस्टमध्येही ते पाणी थंड असते. एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो. पाणी आत ओढू लागले, तर त्याच्याशी झगडून किनाऱ्याकडे यायला बघू नये, दमून माणूस बुडतो. पाठीवर पडावे, कान पाण्यात जाऊ द्यावेत, हातपाय हलके हलवत तरंगावे आणि श्वास जाग्यावर आला की हात वर करून हाक मारावी. मित्र बुडताना दिसला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. तरंगणारे काही त्याच्याकडे फेकावे आणि ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागावे.

आणि एक काम घरीच होण्यासारखे आहे. पोराचा पासपोर्ट काढायला टाकाल, त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावरही त्याचे नाव घाला. मुलीचे तर आधी घाला. वडिलांनाही सोबत उतरता आले, तर फारच उत्तम.